चाकाचा तुटका आरा आणि अर्धी होडी : १९३८ च्या एका कव्हरचा बनवणारा शोधताना

आधी कव्हर, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का मारलेला लिफाफा, कसं आहे ते सांगतो, मग त्याची भानगड.

साधा पांढरट लिफाफा, छोट्या साइजचा. उजवीकडे वर ३ सेंटचं जांभळं तिकीट, आयोवा टेरिटरी सेंटेनियलचं, त्यावर आयोवा सिटीतली ओल्ड कॅपिटॉलची इमारत. शिक्का डी मॉईनचा, तारीख २४ ऑगस्ट १९३८, आणि तिकिटावरच्या आडव्या पट्ट्यांमध्ये फर्स्ट डे ऑफ इश्यू हे शब्द. डावीकडे गडद हिरव्या शाईत चित्र. बैल जोडलेली, वर कापडाचं गोल छत असलेली गाडी, पुढे चाबूक उगारलेला माणूस, मागे झाडीने भरलेल्या टेकड्या, खालच्या डाव्या कोपऱ्यात फासळ्यांसारखं काहीतरी, जे मी कितीतरी दिवस मोडकं कुंपण समजत होतो. चित्राखाली दोन ओळी मजकूर. सही नाही, आद्याक्षरं नाहीत, फ्लॅपवर नाव नाही. फक्त मागच्या बाजूला कोणा जुन्या मालकाने पेन्सिलीने एक शब्द लिहून ठेवलेला, आर्टक्राफ्ट.

नवीन लोकांसाठी, डावीकडच्या या छापील चित्राला कॅशे म्हणतात आणि अमेरिकन एफडीसी (फर्स्ट डे कव्हर) गोळा करणाऱ्यांचं निम्मं भांडण तिकिटावरून नाही तर या कॅशेवरून असतं. तिकीट सगळ्यांकडे एकच, शिक्का एकच, फरक काय तो कॅशेचा. छापील कॅशेची सुरुवात साधारण १ सप्टेंबर १९२३ पासून धरतात, प्रेसिडेंट हार्डिंग वारल्यावर काढलेलं २ सेंटचं काळं तिकीट ओहायोतल्या मॅरियन गावी निघालं तेव्हा जॉर्ज लिनने काळ्या किनारीच्या लिफाफ्यांवर हार्डिंगच्या आठवणीचा मजकूर छापून घेतला होता. त्यानंतर पंधरा वर्षांत इतके लोक या धंद्यात उतरले, कोणी पोटासाठी, कोणी हौसेने, कोणी गावच्या क्लबसाठी, की १९३८ च्या एकेका तिकिटाला डझनावारी वेगवेगळे कॅशे सापडतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आपलं नावच टाकलेलं नाही.

आर्टक्राफ्टवाली पेन्सिल पाच मिनिटांत बाद झाली. आर्टक्राफ्टचा पहिला कॅशे न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरच्या तिकिटाचा, ते तिकीट निघालं १ एप्रिल १९३९ ला. माझं कव्हर ऑगस्ट १९३८ चं. म्हणजे कंपनीने कॅशे काढायला सुरुवात करायच्या आधीच तिच्या नावावर माल, असं होत नाही. लिहिणाऱ्याला दोष देत नाही, आर्टक्राफ्ट हे नाव नंतर इतकं मोठं झालं की हिरवं-निळं बारीक रेघांचं काही दिसलं की लोक तेच लिहून मोकळे होतात.

पण मग मी काय केलं, त्याहून मोठी चूक केली.

कव्हर दिव्याखाली तिरकं धरलं तर हिरव्या रेघा वर आलेल्या दिसत होत्या, बोट फिरवलं तर खरखर लागत होती. उठावाची छपाई म्हटल्यावर डोक्यात दोनच खाने असतात. एक एन्ग्रेव्हिंग, म्हणजे धातूच्या प्लेटमध्ये कोरलेल्या रेघांत शाई भरायची आणि कागद इतका दाबायचा की तो त्या खाचेत शिरतो, शिकागोचा ग्रिम्सलँड यासाठी प्रसिद्ध. यात कागदाच्या मागच्या बाजूला दाबाच्या खुणा राहतात, लिफाफा उघडून आतून उजेडात बघितलं की कळतं. दुसरं थर्मोग्राफी, म्हणजे साध्या लेटरप्रेसने छापायचं, शाई ओली असतानाच वर राळेची बारीक पूड टाकायची, जास्तीची झटकायची आणि उष्णता द्यायची, मग पूड वितळून शाईवर फुगते आणि चकाकते. यात मागची बाजू साफ सपाट राहते. माझ्या कव्हरची मागची बाजू सपाट होती आणि रेघांना वार्निशसारखी चमक होती, भिंगातून बघितलं तर जाड रेघांवर चक्क बारीक बुडबुडे फुटल्यासारखे खड्डे. थर्मोग्राफी, शंभर टक्के.

आणि १९३० च्या दशकातली थर्मोग्राफी म्हटलं की पहिलं नाव येतं कॅलिफोर्नियातल्या सॅन पेड्रोच्या क्रॉस्बीचं. झालं. मी स्लिप लिहिली, क्रॉस्बी, आयोवा, १९३८, आणि पानावर लावून पण टाकली. काही महिने ती तशीच होती.

एका ज्येष्ठ संग्राहकांना, त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो, मी ते पान मोठ्या अभिमानाने दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, कव्हर नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "फोटो कुठाय?"

"कसला फोटो काका?"

"अरे क्रॉस्बीच्या कितीतरी कव्हरांवर छोटा फोटो चिकटवलेला असतो, नाव असतं. इथे दोन्ही नाही. उठाव दिसला की क्रॉस्बी असं करायला लागलास तर अर्धी अमेरिका क्रॉस्बी होईल. व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्या कोणाकडेही ही सोय असायची."

बरोबर होतं त्यांचं. मी छपाईची पद्धत ओळखली होती आणि तिला माणसाचं नाव लावलं होतं. पद्धत म्हणजे सही नाही. फोटो नाही आणि नाव नाही म्हणून क्रॉस्बी नाहीच असंही ठामपणे म्हणता येत नाही म्हणा, पण मग त्याचाच आहे म्हणायला तरी माझ्याकडे काय होतं, चमक सोडून काहीच नाही. काकांनी अजून एक विचारलं जे मी विचारलंच नव्हतं, की बनवणारा म्हणजे तू नक्की कोणाला शोधतोयस. चित्र काढणारा वेगळा असू शकतो, छापणारा वेगळा, आपल्या नावाने विकणारा वेगळा, आणि लिफाफे पोस्टात पाठवून शिक्का मारून आणणारा, ज्याला सर्व्हिसिंग करणारा म्हणतात, तो अजून वेगळा. लुडविग स्टेलसारख्या चित्रकाराची डिझाईन्स वेगवेगळ्या लोकांनी विकली. उलट सी. स्टीफन अँडरसनसारख्याचं नाव डिझाईनमध्येच असतं, तिथे प्रश्नच मिटला. बिननावाच्या कव्हरवर हे चार लोक म्हणजे एकच माणूसही असू शकतो किंवा चार गावचे चार.

मग मी स्लिप काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

पहिला प्रश्न, कॅशे त्या काळचाच आहे ना. हा प्रश्न मी आधी टाळलेला, कारण उत्तर नको असलं की माणूस प्रश्न टाळतो. बिनचित्राच्या जुन्या कव्हरवर नंतर कॅशे छापून किंमत वाढवायचा उद्योग बराच चालतो, त्याला ॲड-ऑन म्हणतात. आता इथे नशीब चांगलं की त्या गाडीवानाच्या चाबकाचं टोक लांबलचक उजवीकडे जाऊन शिक्क्याच्या गोलाच्या कडेला छेदून जातं. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची जागा, पण पुरेशी. १० एक्सच्या भिंगातून बघितलं तर शिक्क्याची काळी रेघ कागदावर सलग आहे, चाबकाच्या हिरव्या उठावापाशी आली की उठावाच्या माथ्यावर काळी शाई बसलीय आणि दोन्ही उतारांना बारीकशी फट सुटलीय, म्हणजे शिक्का मारताना उठाव तिथे आधीपासून होता, रबर किंवा धातूचा शिक्का उंचवट्यावर टेकला आणि उताराला पोचलाच नाही. उलट असतं तर काळी रेघ हिरव्याखाली सलग गेली असती. शाईंचा वरखालीपणा सपाट छपाईत ओळखणं महाकठीण असतं आणि त्यात भलेभले फसतात, पण उठावात हे सोपं जातं. शिवाय अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिवा मारला तर लिफाफा मेल्यासारखा मळकट दिसला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतरची, त्यामुळे १९३८ चा लिफाफा निळा-पांढरा पेटला असता तर तिथेच केस बंद.

हे जुळतंही. तेव्हाची पद्धत अशी होती की लोक आपले पत्ते लिहिलेले लिफाफे आणि तिकिटांचे पैसे त्या गावच्या पोस्टमास्तरकडे आधी पाठवून द्यायचे, पोस्टाच्या सूचनेत माणशी दहाच लिफाफे अशी मर्यादा असायची, आणि पोस्टवाले तिकीट चिकटवून शिक्का मारून रवाना करायचे. म्हणजे विकणाऱ्याला कॅशे आधीच छापून ठेवावा लागायचा.

जुन्या कॅटलॉगमध्ये शोधायचा भाग लवकर उरकतो, कारण त्यातून काही निघालं नाही. या काळासाठी लोक प्लँटी नंबर, म्हणजे प्लँटीच्या कॅशे-कॅटलॉगमधला क्रमांक, देतात, तिकीटवार कॅशेंचे फोटो असतात, आपला जुळवायचा. माझ्या हाताशी जेवढं होतं त्यात माझी बैलगाडी आयोवाच्या तिकिटाखाली जुळली नाही. इथे बरेच जण अननोन लिहून सोडून देतात, मी पण देणार होतो.

आडवं आलं ते कुंपण.

एका संध्याकाळी कव्हर स्कॅन करून मोठं करून बघत होतो, खरं तर मजकुराची अक्षरं कुठल्या टाइपची ते बघायला. त्यात दिसलं की खालच्या दोन ओळी चित्राच्या मानाने किंचित तिरक्या आहेत, उजवीकडे खाली उतरत गेलेल्या. म्हणजे चित्राचा ब्लॉक एक आणि मजकूर वेगळा, सुट्या टाइपात जुळवून त्याखाली लावलेला, आणि लावताना नीट कसला नाही. चित्रातच अक्षरं कोरलेली असती तर हे झालं नसतं. मग मनात आलं की मजकूर वेगळा आहे तर बदलताही येत असेल. आणि मग परत चित्राकडे बघितलं, की हे चित्र आयोवाचंच आहे कशावरून? आयोवा म्हणजे मोकळं गवताळ माळरान अशी आपली कल्पना, इथे मागे दाट झाडीच्या टेकड्या. आणि ते कुंपण वाकडं होतं, सगळ्या पट्ट्या खाली एका लाकडात रोवलेल्या आणि वर बाहेरच्या बाजूला फाकलेल्या. कुंपण असं नसतं. बरगड्या अशा असतात. ती बांधायला घेतलेली होडी होती, नुसता सांगाडा.

बैलगाडी आणि अर्धी होडी एका चित्रात म्हटल्यावर गोष्ट एकच. १७८७ च्या अखेरीस न्यू इंग्लंडहून निघालेली मंडळी बैलगाड्या घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या आजच्या वेस्ट न्यूटनपर्यंत आली, तिथे नदीकाठी होड्या बांधल्या आणि पाण्याने ७ एप्रिल १७८८ ला ओहायोत पोचून मेरिएटा वसवलं. याला दीडशे वर्षं झाली म्हणून लोकांनी तोच प्रवास परत केला, ३ डिसेंबर १९३७ ला मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविचहून बैलगाडी घेऊन निघाले, भर थंडीत, आणि ७ एप्रिल १९३८ ला मेरिएटाला पोचले. आणि १५ जुलै १९३८ ला नॉर्थवेस्ट टेरिटरीच्या दीडशे वर्षांचं ३ सेंटचं तिकीट निघालं, ते कुठे, तर मेरिएटालाच. माझ्या आयोवाच्या तिकिटाच्या बरोबर चाळीस दिवस आधी.

(जाता जाता, शिक्क्यात फर्स्ट डे ऑफ इश्यू हे शब्द पहिल्यांदा आले ते पण मेरिएटाच्याच कव्हरांवर, १३ जुलै १९३७, ऑर्डिनन्स ऑफ १७८७ चं तिकीट, मेरिएटा आणि न्यूयॉर्क दोन्हीकडे. त्याआधीच्या कव्हरांसाठी पहिल्या दिवसाची तारीख आपल्याला पाठच असावी लागते, नाहीतर साधं पत्र म्हणून डब्यात जातात. या एका गावाने एफडीसीवाल्यांना बरंच दिलंय.)

आता शोध उलटा झाला. आयोवाचे कॅशे बघायचे बंद केले आणि १५ जुलैचे मेरिएटाचे कव्हर बघायला लागलो, ऑनलाइन विकायला असलेले, लोकांच्या अल्बममधले, काकांच्या खोक्यातले. बैलगाड्या ढीगभर, कारण त्या वर्षी सगळ्यांनाच बैलगाडी सुचली होती. दीड-दोन महिन्यांनी काकांचाच फोन आला, "तुझी होडी सापडली, ये."

तोच ब्लॉक. त्यांच्या कव्हरवर शाई तपकिरी, मजकूर वेगळा, नॉर्थवेस्ट टेरिटरीचा, आणि ओळी इथे सरळ आहेत. पण गाडी तीच, माणूस तोच. नुसतं तसंच दिसणं पुरेसं नसतं, नकला खूप व्हायच्या, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून भिंगाने चाक धरलं. मागच्या चाकाचा एक आरा, घड्याळात चार वाजता काटा असतो साधारण त्या जागचा, तपकिरी कव्हरवर मध्येच बारीक तुटलेला आहे. माझ्या हिरव्यावर तोच आरा त्याच जागी तुटलाय, पण फट जवळजवळ दुप्पट रुंद, आणि शेजारच्या धावेच्या रेघेलाही छोटा खवला पडलाय जो तपकिरीवर नाही. नक्कल करणारा माणूस तुटका आरा जोडून काढेल, तुटका तसाच कशाला काढेल. ब्लॉक एकच, आधी मेरिएटा, वापरून अजून झिजल्यावर आयोवा. तारखाही तोच क्रम सांगतात. जुना ब्लॉक पडून होता, पुढचं तिकीट पण कुठल्यातरी टेरिटरीच्या वर्धापनाचंच होतं, मजकूर बदलला आणि चालवून दिला. मला तर हे फार आवडलं, काटकसरी माणूस दिसतो.

पुढचं अजून भारी. काकांच्या कव्हरमध्ये फिलर शाबूत होता, म्हणजे लिफाफा कडक राहावा आणि शिक्का नीट उठावा म्हणून आत घालतात ते पुठ्ठ्याचं कार्ड. माझ्यातला कधीच गायब झालेला. त्या कार्डवर ओहायोतल्या एका छोट्या जॉब प्रिंटरचं नाव होतं आणि खाली एक ओळ, उठावाची छपाई करून मिळेल.

मी उडीच मारली. काका शांत. म्हणाले, "कार्डं इकडची तिकडे होतात." आणि ते खरंच आहे, लोक कव्हर साफ करताना सगळी कार्डं काढतात आणि परत घालताना हाताला येईल ते घालतात, फिलरवरून ओळख पटवणं म्हणजे खिशातल्या रुमालावरून माणूस ओळखणं. मग आम्ही लिफाफ्याचं तोंड हलकेच फाकवून आत टॉर्च मारला. स्वस्त पुठ्ठ्यात आम्ल असतं, वर्षानुवर्षं टेकून राहिला की लिफाफ्याचा कागद तेवढाच पिवळा पडतो. आत पिवळट चौकोन होता, आणि त्याचा एक कोपरा कापल्यासारखा तिरका. कार्डाचाही एक कोपरा तिरका कापलेला, छापखान्यात कटिंगला सरकला असेल. कार्ड त्या चौकोनात बसवलं तर कडेला कड. हे कार्ड या लिफाफ्यातच म्हातारं झालंय.

राहिला सर्व्हिसिंगचा प्रश्न. दोन्ही कव्हरवरचे पत्ते वेगवेगळ्या माणसांचे, वेगवेगळ्या राज्यांतले, म्हणजे कोणी स्वतःपुरतं घरी बनवलेलं नाही, माल विकला गेलाय. पण दोन्ही पत्ते टाइपरायटरवर केलेले, आणि दोन्हीकडे छोट्या ई चं पोट शाईने बुजलेलं आणि कॅपिटल एस प्रत्येक वेळी ओळीच्या किंचित वर उडालेला. ई बुजणं कुठल्याही न पुसलेल्या मशीनवर होतं, ते मी धरत नाही, पण एस सतत वर आणि दोन्हीकडे सारखाच वर, हे एकाच मशीनचं लक्षण. म्हणजे गिऱ्हाइकांचे पत्ते टाइप करून लिफाफे मेरिएटाला आणि नंतर डी मॉईनला पाठवणारा हात एकच होता.

आता तो हात छापखान्याचाच की छापखान्याकडून ब्लॉक छापून घेणाऱ्या एखाद्या तिकीटवाल्याचा, इथे आमचं काकांशी पटत नाही. ते म्हणतात छापखानेवालाच, बाहेरचं गिऱ्हाईक असतं तर त्याने आपलं नाव कार्डावर टाकून घेतलं असतं, छापखान्याची जाहिरात फुकट कशाला वाटेल. मला ते पटतं पण पूर्ण नाही, कारण ते तिरके बसलेले दोन ओळींचे टाइप. रोज छपाई करणारा माणूस स्वतःचा माल असा ढिला कसेल का. काका म्हणतात स्वतःचा माल आहे म्हणूनच ढिला, गिऱ्हाइकाचा असता तर नीट कसला असता. यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

छापखान्याचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही, एका कार्डावर नाव बाहेर पडलं की उद्या प्रत्येक हिरव्या बैलगाडीखाली तेच लिहिलेलं दिसेल आणि आर्टक्राफ्टचंच परत होईल. त्याच नावाचं कार्ड आत असलेलं दुसरं कव्हर मिळालं, मग ते मेरिएटाचं असो नाहीतर आयोवाचं, की नावासकट टाकतो. कोणाकडे १९३८ च्या या दोन तिकिटांचं बैलगाडीवालं बिनसहीचं कव्हर असेल तर मागच्या चाकाचा चार वाजताचा आरा तेवढा बघा, आणि फिलर असेल तर कृपया काढून वेगळा ठेवू नका.

माझ्या पानावर सध्या जी स्लिप आहे त्यावर इतकंच आहे : थर्मोग्राफी, ब्लॉक मेरिएटा १५ जुलै १९३८ च्या कव्हरवरचाच पण नंतरच्या अवस्थेतला, छपाई बहुतेक ओहायो, पत्ते टाइप करणारा दोन्हीकडे एकच, चित्रकार माहीत नाही. मागची आर्टक्राफ्टची पेन्सिल खोडलेली नाही. तिच्याशेजारी माझी क्रॉस्बीची जुनी स्लिप पण मायलारच्या पाकिटात घालून ठेवलीय, काका आले की पहिली तीच काढून वाचतात.